दुखण्याची साक्ष

माणसाला काय दुखते आहे, हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असते? जखम दिसते, ताप मोजता येतो, मोडलेले हाड क्ष-किरणांत उमटते. पण पोटात गोळा येतो, जेवल्यावर अंगातले त्राण जाते, सकाळी उठवत नाही, या गोष्टींना दुखणाऱ्या माणसाच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो. तो शब्द ऐकणाऱ्याने खरा मानायचा की नाही? मानायचा तर कुठवर? आणि मानला नाही, तर त्याचे पाप कोणाच्या खात्यावर? हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण तो मुळात नीतीचा आहे. एका आजाराच्या निमित्ताने तो मला काही वर्षे छळतो आहे.

त्या आजाराचे नाव सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन सोसत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. शाळेच्या पुस्तकात आपण तिला रसांकुर म्हणून शिकलो. ही लव झिजून सपाट होते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मग कोणाला जुलाब होतात, कोणाचे पोट फुगते, कोणाचे रक्त कमी होते, कोणाची हाडे ठिसूळ होतात, कोणा मुलाची उंची खुंटते. कोणाला पोटाची तक्रारच नसते, नुसता थकवा असतो. एकाच रोगाचे इतके चेहरे असल्यामुळे तो ओळखू येत नाही. त्यावर आजही गोळी नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभर सोडणे एवढाच उपाय आहे.

माझ्या आपाची मुलगी या आजारातून गेली. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. घर कोकणातले एवढे पुरे. घरात तांदळाची भाकरी, मासळीचे सालन, सणासुदीला सांदण आणि घावणे. गहू घरात यायचा तो ईदच्या शेवयांपुरता, नाहीतर पावाच्या रूपाने अधूनमधून. एकोणिसाव्या वर्षी ती शिकायला पुण्याला गेली. मेसमध्ये दोन वेळा चपाती, सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट. सहा महिन्यांत पोट बिघडले. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले. मग रक्त कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या संपल्या, रक्त वाढले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, ‘‘गोळ्या नीट घेतेस ना?’’ तिसऱ्यांनी परीक्षेचे टेन्शन म्हटले. चौथ्यांनी आतड्याचा क्षय असेल असे म्हणून तपासण्या केल्या, त्यात काही निघाले नाही.

सुटीत घरी आली की ती सुधारायची. पंधरा दिवसांत तोंडावर तकाकी यायची. परत गेली की पुन्हा तेच. हे सगळ्यांना दिसत होते, आणि सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला: मुलीला घरची ओढ आहे, शिक्षणात मन नाही. तेविसाव्या वर्षी लग्न झाले, ती शहरात सासरी गेली. तिथे रोज गव्हाची रोटी. तिथेही माहेरी आली की बरी, सासरी गेली की आजारी. आता अर्थ आणखी सोपा झाला. सासू म्हणाली, ‘‘हिला काम नको, माहेर हवं.’’ कोणी म्हणाले नजर लागली. दम करून झाले, तावीज झाले. दोनदा गर्भ राहिला आणि दोनदा गेला. उपचार न झालेल्या सीलिॲकमध्ये गर्भपाताचे प्रमाण जास्त आढळते, पण तिच्या बाबतीत कारण तेच होते असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. सासरच्या बायकांना मात्र शंका नव्हती. तिच्यातच खोट आहे, हे त्यांनी कधीच ठरवून टाकले होते.

इथे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. रोगाचा सगळ्यांत मोठा पुरावा सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. एका घरात आजारी, दुसऱ्या घरात बरी. पण पुरावा पाहिला जात होता तो तिच्या स्वभावाचा म्हणून. ताटात काय बदलते हे कोणी पाहिले नाही, कारण मनात काय असेल हे सगळ्यांना आधीच ठाऊक होते. बाईच्या दुखण्याचे असेच होते. पुरुष अशक्त झाला की विचारतात, काय झाले? बाई अशक्त झाली की विचारतात, कशासाठी करते?

शेवटी तिनेच शोधले. रोटी खाल्ली की त्रास होतो, असे तिच्या लक्षात आले. तिने रोटी सोडली, भात खाऊ लागली, चार महिन्यांत बरे वाटू लागले. एका शहाण्या परिचारिकेने सीलिॲकचे नाव सांगितले, तेव्हा तिने रक्ताची तपासणी करून घेतली. ती निर्दोष आली. डॉक्टरांनी अहवाल तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘‘काही नाही. हे तुमच्या मनाचे खेळ आहेत.’’

खरे म्हणजे तो अहवाल तसाच येणार होता. रक्तात जी प्रतिपिंडे शोधतात, ती ग्लुटेन पोटात जात असेल तरच तयार होतात. गहू सोडून काही महिने झाले की ती उतरतात आणि आतड्याची लवही हळूहळू भरून येते. तिने स्वतःवर केलेला उपचार बरोबर होता, म्हणूनच तपासणी खोटी ठरली. पुढे एका पोटविकारतज्ज्ञाने हे समजावून सांगितले. पण खात्री करायची तर तिला पुन्हा गहू खावा लागणार होता, तोही एकदोन दिवस नाही, काही आठवडे. ज्याने आजारी पडते तेच जाणूनबुजून खायचे, आजारी पडायचे, मग रक्त द्यायचे, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढू द्यायचा. ती मला म्हणाली, ‘‘मामू, मी बरी आहे हे चालत नाही यांना. आजारी पडून दाखवलं तरच माझं खरं.’’

तिने ते केले. सहा आठवडे रोटी खाल्ली. प्रतिपिंडे वाढलेली निघाली, आतड्याची लव सपाट झालेली दिसली. आठ वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, तिच्या दुखण्याला नाव मिळाले. कागद हातात आला तेव्हा ती रडली. घरच्यांना वाटले, आयुष्यभराचे पथ्य लागले म्हणून रडते. ती रडत होती ती आपण खोटे बोलत नव्हतो हे सिद्ध झाले म्हणून.

आता डॉक्टरांचीही बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. सरकारी दवाखान्यात एका सकाळी शेदीडशे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडे पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना सीलिॲक नसतो. आपल्या देशात आतड्याचा क्षय आहे, जंत आहेत, दूषित पाणी आहे, निव्वळ कमी खाण्यामुळे आलेला अशक्तपणा आहे. प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. शिवाय सीलिॲक हा गोऱ्या लोकांचा आजार, फार तर पंजाब-हरियाणाचा, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या समजत आल्या. त्यातले निम्मे खरेही आहे. दिल्ली परिसरात झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण 96 माणसांमागे एकाला हा आजार आढळला. 2016 साली तीन प्रदेशांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत तेवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचे रक्त तपासले होते. या आजाराची प्रतिपिंडे रक्तात असण्याचे प्रमाण उत्तरेत शंभरात 1.23, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 असे निघाले. पण याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. या आजाराला वाट करून देणारी जनुके तिन्ही प्रदेशांत साधारण एकतृतीयांश लोकांत होती, त्यात मोठा फरक नव्हता. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. उत्तरेत माणूस दिवसाला सरासरी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खात होता, दक्षिणेत पंचवीस ग्रॅम. जनुक असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असे नाही, बहुतेकांना होतच नाही. पण भाताच्या मुलखातले माणूस गव्हाच्या मुलखात गेले की काय होऊ शकते, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो. आमच्या कोकणातून मुंबई-पुण्याला आणि आखातात पिढ्यान् पिढ्या माणसे जात आली आहेत. आता तर गावातही सकाळची भाकरी जाऊन पाव आणि बिस्किट आले आहे.

म्हणून डॉक्टरला चटकन निदान झाले नाही, हा माझा आक्षेप नाही. न कळणे हा गुन्हा नाही. आक्षेप आहे तो एका छोट्या शब्दाला. ‘मला कळत नाही’ आणि ‘तुला काही झालेले नाही’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्यात बोलणारा आपली मर्यादा सांगतो. दुसऱ्यात तो आपली मर्यादा समोरच्याच्या अंगावर ढकलतो. पहिल्या वाक्याने रुग्णाला पुढचे दार ठोठावता येते, दुसऱ्याने दार बंद होते आणि वर तो लबाड ठरतो. तपासणीत आढळले नाही याचा अर्थ तपासणीत आढळले नाही एवढाच. मी रोगावर शंका घेणे समजू शकतो, ती शास्त्राची रीत आहे. माणसावर शंका घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला शास्त्राचा आधार नाही.

या आजाराचा इतिहासच याची साक्ष देतो. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरने 1888 साली याचे स्पष्ट वर्णन छापले आणि मूल बरे होणारच असेल तर ते आहारातून होईल, असा तर्क केला. पण आहारातले नेमके काय, हे कळायला साठेक वर्षे गेली. ते शोधले हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. सांगितले जाते की, 1930 च्या दशकात एका आईने त्याला सांगितले, पाव बंद केला की माझ्या मुलाला बरे वाटते. ती काही शिकलेली वैद्य नव्हती. तिच्याकडे आकडे नव्हते, होती ती फक्त आपल्या मुलाकडे रोज पाहणारी नजर. डिकेने तिला ‘मनाचे खेळ’ म्हटले नाही. त्याने ते लक्षात ठेवले आणि मुलांना गव्हाविना आहार देऊन पाहू लागला. पुढे महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद शिजवून खाऊ लागले. सारा देश खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारताना दिसली, आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिकेने 1950 साली आपला प्रबंध लिहिला आणि गव्हाचा दोष जगापुढे मांडला. मोठमोठ्या ग्रंथांना जे सापडले नव्हते, त्याची वाट एका आईच्या शब्दाने दाखवली, कारण तो ऐकून घेणारा कोणीतरी होता.

आपल्याकडेही ही परंपरा आहे, पण आपण तिचा अभिमान बाळगतो आणि आचरण विसरतो. नवव्या-दहाव्या शतकातला अबू बक्र अल-राझी देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग म्हणून मांडणारा मोठा हकीम. जालिनूस हा त्याचा गुरूंचा गुरू, आणि तरीही त्याने जालिनूसवरील शंकांचे एक पुस्तक लिहिले. आपण त्याचे ऋणी आहोत, पण वैद्यकात डोळे झाकून कोणाच्या मागे जाता येत नाही, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. त्याची रोग्यांबद्दलची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर ‘अल-हावी’ या प्रचंड ग्रंथात संकलित झाली. त्यात ग्रंथकारांच्या मतांबरोबर त्याने स्वतः पाहिलेले रुग्णही आहेत. पुस्तक आणि रुग्ण यांच्यात विसंगती दिसली तर रुग्णाकडे पुन्हा पाहायचे, ही ती शिस्त.

फिकहमध्येही एक विचार करण्यासारखी जागा आहे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण आजारी कोण, हे ठरवायचे कसे? आम्ही कोकणातले शाफई, पण हनफी फकीहांनी केलेली मांडणी मला इथे उपयोगी वाटते. रोज्याने आजार वाढेल असा प्रबळ अंदाज बांधायला त्यांनी तीन वाटा सांगितल्या आहेत: दिसणारे लक्षण, स्वतःचा तजुर्बा आणि जाणत्या मुसलमान हकिमाचा शब्द. या तिघांत तजुर्बा आहे, हे विसरू नये. इबादतीसारख्या गंभीर बाबतीत जिथे बंद्याचा स्वतःचा अनुभव हा पुरावा म्हणून चालतो, तिथे जेवणाच्या ताटाशी तो का चालू नये? अर्थात फकीहांनी नुसत्या मनात आलेल्या वहमाला मोकळीक दिलेली नाही. अनुभव तपासून घ्यायचा आहे. पण तपासून घेण्यासाठी तो आधी ऐकावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाचे ऐकत बसलो तर जो तो उठून गहू सोडील. हे भय खोटे नाही. आजकाल शहरांतून ग्लुटेन सोडण्याची टूम निघाली आहे, आणि तिने खऱ्या रुग्णांचे नुकसानच केले आहे. एक तर टूम म्हणून सोडणाऱ्यांमुळे खऱ्या रुग्णालाही लोक नखरेल समजतात. दुसरे, तपासणीआधीच गहू सोडला की निदान अवघड होऊन बसते. म्हणून वाचकांपैकी कोणाला संशय असेल त्यांनी क्रम लक्षात ठेवावा: आधी तपासणी, मग पथ्य. रक्तातली जी प्रतिपिंडे पाहतात ती आयजीए जातीची असतात, आणि काही माणसांत मुळात आयजीएच कमी असते. अशा वेळी तपासणी खोटा दिलासा देते. एकूण आयजीए किती आहे हेही बरोबरीने पाहायला डॉक्टरांना सांगावे. घरात एकाला हा आजार निघाला तर सख्ख्या भावंडांनी, आईवडिलांनी, मुलांनीही तपासून घ्यावे, कारण त्यांच्यात शक्यता वाढते. रुग्णावर विश्वास ठेवणे आणि तपासणी करणे या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी नाहीत. विश्वास असेल तरच माणूस तपासणीच्या वाटेवर टिकतो.

आणि निदान झाले म्हणजे संपले, असेही नाही. या आजाराचे औषध स्वयंपाकघरात आहे, आणि स्वयंपाकघर एकट्याचे नसते. दम्याचा रोगी स्वतःचे औषध स्वतः घेतो. सीलिॲकच्या रोग्याचे औषध सासूच्या, जावेच्या, यजमानाच्या हातात असते. ज्या पोळपाटावर कणीक लाटली त्याचे पीठही त्याला बाधते. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे किती घरांत ठाऊक आहे? हलीममध्ये गहू, शिरखुर्म्यात गव्हाच्या शेवया, कबाबात पावाचा चुरा. आपली मेहमाननवाजी आग्रहाची. ‘एका घासाने काय होतंय?’ असे म्हणत आपण प्रेमाने ताटात वाढतो. पण त्या एका घासाने होते. नाही म्हणणारा उद्धट ठरतो, हो म्हणणारा आठवडाभर भोगतो. आपल्याला मेहमानाला खाऊ घालायचे आहे, की आपण खाऊ घातले याचे समाधान मिळवायचे आहे, हे अशा वेळी कळते. शेवया तांदळाच्याही मिळतात. भाकरी ज्वारीची, बाजरीची, नाचणीची, तांदळाची होते. महाराष्ट्राच्या जुन्या ताटात या आजाऱ्यासाठी जितकी जागा आहे तितकी जगातल्या फार थोड्या ताटांत असेल. अडचण धान्याची नाही, मान्य करण्याची आहे.

माझ्या भाचीच्या बाबतीत कागद आल्यावर घर बदलले, हे सांगितले पाहिजे. सासूने वेगळा तवा घेतला, हिंग बदलला. बाई दुष्ट नव्हती. पण मला राहून राहून वाटते, हा तवा कागदाच्या आधी का आला नाही? आठ वर्षे ती मुलगी तेच सांगत होती जे शेवटी कागदाने सांगितले. शब्द तेच, फक्त त्यांवर शिक्का बसला. माणसाच्या बोलण्यापेक्षा शिक्क्यावर अधिक विश्वास ठेवणारा समाज न्यायाने वागतो असे मला म्हणवत नाही. कारण शिक्का मिळवायला पैसा लागतो, शहर लागते, सोबत येणारा माणूस लागतो, आणि पाचव्या डॉक्टरने हाकलल्यावर सहाव्याकडे जाण्याची हिंमत लागते. ज्यांच्याकडे यातले काही नाही, त्यांचे दुखणे काय खरे नसते?

आपल्याकडे गवाही ही मोठी गोष्ट मानतात. खोटी गवाही देणे महापाप आहे, हे आपण मुलांना शिकवतो. खरी गवाही ऐकूनही ती झिडकारणे काय आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. दुखणारे माणूस आपल्या देहाची गवाही देत असते. त्या घटनेचा दुसरा साक्षीदार नसतो, असूच शकत नाही. तिच्यावर लगेच निकाल द्यावा असे कोणी म्हणत नाही. निकाल लागेपर्यंत तिला खोटी ठरवू नये, आणि कळत नसेल तर कळत नाही असे म्हणावे, एवढेच मागणे आहे. एवढे म्हणायला पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. ते डॉक्टरला जमू शकते, सासूला जमू शकते, तुम्हाआम्हालाही.